बर्फ कारंज्याला आणताना

आमच्या कारंजा गावात हिमालय पहिल्यांदा उभा राहिला तो एका जिनिंगच्या आवारात, आणि तो कापसाचा होता.

कारंज्यातले एक मोठे कापसाचे व्यापारी बद्रीकेदारची यात्रा करून परतले होते. अशा यात्रेहून आलेला माणूस आमच्याकडे मावंदं घालतो, म्हणजे आणलेल्या गंगेची पूजा करून गावाला जेवू घालतो. शेठजींना नुसतं जेवण अपुरं वाटलं. त्यांनी सरकी काढलेल्या कापसाचा मोठा ढीग मांडवाच्या टोकाला रचवला, त्याला शिखरं काढवली, पायथ्याशी आरसा ठेवून सरोवर केलं आणि मागे गॅसबत्ती टांगून सूर्य केला. कापूस आणि बत्ती यांचं नातं धंद्यामुळे त्यांना माहीत होतं. म्हणून पर्वताच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या बादल्या घेऊन माणसं उभी केली होती. आग लागण्याची भीती असलेला हिमालय जगात बहुधा तो एकच.

खरा हिमालय मी पाहिला होता, कारण त्या यात्रेत मी शेठजींबरोबर होतो. मी गावच्या शाळेत भूगोल शिकवत असे. वाटेत स्टेशनांवरच्या पाट्या वाचायला आणि साहेबलोक भेटलेच तर चार इंग्रजी वाक्यं बोलायला कुणी तरी हवा, म्हणून स्वयंपाकी, न्हावी आणि भटजी यांच्या पंक्तीत मला बसवलं गेलं. शेठजी चार माणसांच्या खांद्यावर, दांडीत बसून चढले. त्यांना दिसला तो हिमालय म्हणजे मुख्यतः पुढच्या दोन माणसांच्या पाठी. मी पायी होतो, म्हणून मला मधूनमधून पर्वतही दिसला.

एका पहाटे चट्टीच्या बाहेर उभा होतो. चट्टी म्हणजे यात्रेकरूंची मुक्कामाची झोपडी. खालची दरी अजून शाईसारखी काळी होती. इतक्यात फार वर, जिथे आपण आकाश समजून पाहणंच सोडून देतो तिथे, एक टोक पेटलं. आधी तांबूस, मग केशरी, मग हळद शिंपडल्यासारखं, आणि शेवटी इतकं पांढरं की डोळे मिटावे लागले. त्यानंतर शेजारचं टोक, मग त्याच्या पलीकडचं. उजेड वरून खाली उतरत होता. आमच्या वऱ्हाडात सकाळ जमिनीवरून येते. तिथे ती डोक्यावरून उतरते, आणि तुमच्यापर्यंत पोचेतो तिचा सगळा रंग संपलेला असतो.

शेठजी शाल गुंडाळून बाहेर आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "एवढं पांढरं पडून राह्यलं मास्तर, अन् एक गाठबी बांधता येत नाही."

मी हसलो. आज वाटतं, त्या प्रवासात मनापासून बोललेलं त्यांचं ते एकच वाक्य.

मावंद्याच्या दिवशी गावच्या बायकांबरोबर माझी बायकोही तो कापसाचा पर्वत पाहून आली. ती माळ्याच्या घरची, शाळेत कधी गेलेली नाही, पण नजर अशी की वांग्यातली अळी वरून ओळखायची. घरी येऊन लुगड्याला चिकटलेला कापूस वेचत तिने विचारलं, "खरा असाच राह्यते का हो?"

"नाही."

"मंग त्याईनं असा काहून केला?"

"त्यांच्याकडे कापूस होता म्हणून."

ती खूप हसली. मग म्हणाली, "सांगा न मंग. खरा कसा राह्यते?" एरवी कुणी विचारलेल्या प्रश्नाचं मी उत्तर देतो, न विचारलेल्याचंही देतो. त्या दिवशी मात्र शाळेच्या तपासणीची तयारी होती, मी उद्यावर टाकलं. पुढे कामं आली, पाऊस आला, पिकं आली, आणि ते राहूनच गेलं.

तिला ताप आला तो पुढच्या वैशाखात. सुरुवातीला आम्ही उन्हाचा समजून कांद्याचा रस लावला, कैरीचं पन्हं दिलं. ताप उतरेना. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन म्हणाले, हा मुदतीचा ताप आहे, त्याची मुदत संपेपर्यंत रोग्याला धरून ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. त्यांच्यापाशी त्यावर औषध नव्हतं, आणि ते आहे असं सोंगही त्यांनी केलं नाही. या एका गुणासाठी मी त्यांना अजून मानतो.

तिचा थोरला भाऊ रोज मळ्यातून यायचा. गावाबाहेर त्याची विहिरीवरची बागायत होती. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा हिरवा माल काढून तो आपल्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, भरायचा आणि मूर्तिजापूरच्या बाजाराला न्यायचा. त्याच्या मालाचं तिथे नाव होतं. इतरांची मेथी पोचेपर्यंत मान टाकायची, त्याची जशी काढली तशी ताठ. त्याची युक्ती गुपित नव्हती. खाली केळीची पानं, वर ओलं गोणपाट, आणि वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर थांबून पाण्याचा शिपका. विहीर चुकवायची नाही, बस. ते कष्ट दुसरे करत नसत, तो करायचा. थोरला असूनही मला मान देऊन 'जवाईबुवा' म्हणायचा. मी त्याला दादा म्हणत असे.

एका दुपारी तिचा ताप डोक्यात चढला. ती भावाला ओळखेना, मला शाळेचा शिपाई समजून 'घंटा द्या, घंटा द्या' म्हणू लागली. डॉक्टरांनी मला ओट्यावर नेऊन सांगितलं, "डोक्यावर बर्फ ठेवता आला तर बरं. ओल्या पट्ट्यांचं काम राहिलं नाही."

वैशाखात कारंज्यात बर्फ! आमच्या विहिरींचं पाणीसुद्धा तेव्हा कोमट असतं.

मी शेठजींकडे गेलो. त्यांच्याकडे पंधरवड्यापूर्वी कुणी गोरा अधिकारी चहाला येऊन गेला होता आणि त्याच्या सोड्यासाठी बर्फ आणल्याचं गावभर झालं होतं. शेठजी गादीवर लोडाला टेकून होते. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता कुठचा बरफ मास्तर? थे तर साहेबासाठी होतं." मग जवळ बसलेल्यांकडे पाहून म्हणाले, "तुमी तर खुद्द हिमालयातून आले. जराक बांधून आणाचा होता न!"

बसलेले हसले. त्यांचं हसणं त्यांच्या नोकरीचाच भाग होता, म्हणून त्यांचा मला राग आला नाही. शेठजींनी एवढं मात्र सांगितलं की बर्फ अकोल्याच्या कारखान्यातून सकाळच्या गाडीने मूर्तिजापूरला येतो आणि स्टेशनाजवळच्या सोडावाल्याकडे मिळतो.

घरी येऊन सांगताच दादा उठला. "मी जातो."

"छोट्या गाडीने?" मी विचारलं. कारंज्याहून मूर्तिजापूरला अरुंद रुळांवरची छोटी आगगाडी जायची.

"छोटी गाडी मेलची वाट पाह्यत नाही, जवाईबुवा. दुसऱ्या दिवसापरयंत कोन थांबते? दमणी काढतो. सकायी बरफ उचलला का दुपार कलेपरयंत घरी." बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवून तो मोठ्याने म्हणाला, "बाई, तुह्यासाठी बरफ आणतो. उठून बसजो तोवर." तिला कळलं की नाही, माहीत नाही. तो गेला. अंधार पडायच्या आत त्याने गाव सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. सकाळी ताप थोडा उतरून तिला शुद्ध आली. ओठ सोलून निघाले होते, जीभ लाकडासारखी झाली होती. तिने विचारलं, "दादा कुठी गेला?"

"बर्फ आणायला."

"हिमालयात?"

"मूर्तिजापुरात."

ती किंचित हसली. डोळे मिटून म्हणाली, "मंग सांगा आता. खरा कसा राह्यते?"

मी सांगू लागलो. काही तरी बोलत राहिलं पाहिजे असं वाटत होतं, आणि मला येत होतं ते तेवढंच. म्हणालो, तिथे पूर्वी समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ साचत गेला, थरावर थर. मग दोन्हीकडची जमीन एकमेकींकडे सरकू लागली आणि मधला गाळ चेपला गेला. तिच्या पायांवर गोधडी होती. मी तिच्या दोन कडा धरून आत रेटल्या, तशा मध्ये चुण्या उभ्या राहिल्या. "हा बघ. असा वर आला. अजून तिथल्या दगडांत शंखशिंपले सापडतात."

तिने मान उचलून गोधडीकडे पाहिलं. "एवढा उंच, अन् थो समुद्र होता?"

"हो."

"कोन रेटलं?"

"ते नीट कुणालाच माहीत नाही."

"तुमालेबी नाही?" हे ऐकून तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

मग मी बर्फाचं सांगितलं. तो आभाळातून पडतो तेव्हा सावरीच्या म्हातारीसारखा हलका असतो, हातावर घेतला तर नाहीसा होतो. पण एका उंचीच्या वर उन्हाळाही थंडच. तिथे पडलेला पुरता वितळायच्या आत नवा पडतो. वरच्याच्या भाराखाली खालचा दबतो, त्याचे दाणे होतात, दाण्यांमधली हवा निघून जाते आणि शेवटी काचेसारखा घट्ट, निळसर बर्फ होतो. निळा? हो, भेगेत डोकावून पाहिलं तर मोरचुदासारखा निळा. आणि तो जागेवर बसत नाही. स्वतःच्या वजनाने उतारावरून सरकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका हळू, आणि जाताना डोंगर खरवडत नेतो. शिखरं टोकदार दिसतात तीही यामुळेच. खडकाच्या चिरेत पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि खडक फोडतं. समुद्राने केलं, जमिनीने उचललं, बर्फाने तासलं. डोळ्यांना जो शांत पांढरा पर्वत दिसतो त्याची आतून सारखी मोडतोड चाललेली असते.

"अन् खाली आल्यावर?"

"खाली ऊन असतं. तिथे त्याचं पाणी होतं. तीच गंगा."

"म्हंजे शेठजीनं थेच आणलं लोट्यात."

"तेच."

तिने पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं, त्यातलं निम्मं गालावरून ओघळलं. मग म्हणाली, "मले तिथं ठेवा. त्या निळ्या चिरेत. अंग जळून राह्यलं हो." एवढं बोलून ती पुन्हा तापात गेली. त्यानंतर मी सांगत राहिलो, पण ऐकायला कुणी नव्हतं. गोधडीच्या चुण्या तिने पाय झाडून मोडल्या.

दुपार चढत गेली. मी दारात जाऊन रस्त्याकडे पाहायचो, आत येऊन पट्टी बदलायचो. पट्टी कपाळावर ठेवली की हाताखालीच गरम होई. शेजारणी येऊन चौकटीपाशी बसल्या होत्या. एकीने देवीला नवस बोलायला सांगितलं. मी आयुष्यभर नवसांची टिंगल केली होती. त्या दुपारी बोललो. कोणत्या देवीला, कशाचा, तेही आता आठवत नाही. जिचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं तिलाच.

उन्हं कलल्यावर दमणी दारात थांबली. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. दादाचं धोतर कमरेपर्यंत भिजलेलं. गाडीच्या तळातून पाणी गळत होतं. त्याने ओलं गोणपाट उराशी धरून उचललं आणि घरात आणून तिच्या बाजेपाशी ठेवलं. गोणपाट फार हलकं वाटत होतं. आत केळीची पानं होती. पानांच्या आत बर्फ होता. झिजलेल्या साबणाच्या वडीएवढा.

"पाट्याएवढी लादी होती," दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आईशप्पथ, वरवंट्याच्या पाट्याएवढी. त्यानं लाकडाच्या भुशात बांधून देली होती. मी पाह्यलं, तं थो बारीक होऊन राह्यला. सुकून चालला, म्हन्लं. त्या कोरड्या भुशानं सुकला असंन. मंग भुसा टाकून देला, गोणपाट भिजवलं, पानं लावली, अन् एक इहीर सोडली नाही जवाईबुवा. एक इहीर नाही. घागरभर पानी मारलं दर इहिरीवर. तरीबी सुकतच गेला."

मला सगळं एका क्षणात समजलं. ती वडी फडक्यात घेऊन तिच्या कपाळावर धरली. ती क्षणभर शांत झाली, भुवया सैल झाल्या. "थंड," ती म्हणाली. पाणी तिच्या केसांत उतरलं आणि माझ्या हातात ओलं फडकं राहिलं.

दादा दुसऱ्या खेपेला निघत होता. बैल उठेनात. त्याने दुसऱ्याची जोडी मागून आणली, जुंपायला घेतली, तेवढ्यात आतून बायकांचा आवाज आला, आणि त्याने हातातलं जू खाली ठेवलं.

डॉक्टर म्हणाले, बर्फाने वाचली असतीच असं नाही. 'वाचली नसतीच असंही नाही ना?' मी विचारलं. पेटी उचलून ते निघाले.

तेरावं झाल्यावर दादाने मला विचारलं, "थो येवढाच कसा राह्यला, जवाईबुवा? तुमाले तं त्यातलं सारं माहीत हाय."

मी म्हणालो, "ऊन फार होतं, दादा."

"मी पानी कमी मारलं का?"

"नाही. तुम्ही कमी काहीच केलं नाही."

तो मान हलवत गेला. मी भूगोल शिकवत राहिलो. हिमरेषेचा धडा आला की मुलांना पुस्तकातून वाचून घ्यायला सांगायचो.

हे असंच राहिलं असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या सुनेला तोच ताप आला. तिच्याही डोक्यात चढला, आणि डॉक्टरांनी तिच्या सासऱ्याला ओट्यावर नेऊन तेच सांगितलं. दादा तेव्हा माझ्याकडे भाजी ठेवायला आलेला. ऐकताच त्याने टोपली खाली ठेवली. "मी आणतो," तो शिंप्याला म्हणाला. "मले वाट माहीत हाय. बरफ सुकते लवकर. या खेपेला गाडीतच दोन घागरी संग घेतो. इहिरीची वाटच पाह्यत नाही. सुकूच देत नाही त्याले."

शिंपी हात जोडून उभा होता. दादा बैल जुंपू लागला. मी मागे जाऊन उभा राहिलो. गप्प राहण्यासारख्या पुष्कळ गोष्टी असतात, आणि वर्षभर मी ही त्यांतलीच एक मानली होती. पण शिंप्याच्या घरात एक बाई पडली होती.

"दादा, पाणी घेऊ नका."

"काहून?"

"भुसा राहू द्या. वर कोरडी गोणपाटं घाला, जितकी मिळतील तितकी. वाटेत उघडू नका. पाणी अजिबात लागू देऊ नका."

"अन् सुकला म्हंजे?"

"तो सुकत नाही, दादा. वितळतो. पाण्याने जास्त."

जोत बांधता बांधता त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे वळला नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बैलाने शेपटीने माशी हाकलली, ती त्याच्या मनगटावर बसली, तरी त्याने हात हलवला नाही. शेवटी म्हणाला, "तुमाले तवाच समजलं होतं?"

"हो."

त्याने घागरी उतरवून माझ्या ओट्यावर ठेवल्या, घरातली आणि शिंप्याकडची कोरडी पोती गोळा केली आणि दमणी हाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दमणी आली. शिंप्याच्या दारात नाही, माझ्या दारात. दादाने एकेक पोतं बाजूला केलं, भुसा हाताने सारला. आत बर्फाची लादी होती, कडा गोलावलेल्या, पण जाड, आणि मधोमध निळसर. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"पाहा जवाईबुवा," तो म्हणाला. "केवढा उरला."

मग तो गाडीवरून उतरून माझ्या ओट्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याला हाक मारली, तो उठला नाही. समोरच्या दारातून शिंपी धावत येत होता. ऊन लादीवर पडायला लागलं होतं, म्हणून मी भुसा पुन्हा वर ओढला, पोती घातली, कासरा हातात घेतला आणि दमणी शिंप्याच्या दारापर्यंत मीच हाकत नेली.